केलेमेन यांचं प्रमेय

हंगेरीतल्या सेगेदच्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक केलेमेन यांचा सत्कार होता. ज्या प्रमेयामुळे त्यांना अकादमीचं सदस्यत्व मिळालं, ते कुणीतरी हौसेने फळ्यावर लिहून ठेवलं होतं. पालिंका ही जर्दाळूची दारू पेल्यांत ओतली जात होती, आणि केलेमेन फळ्याकडे पाठ करून उभे होते. सकाळी भाषणाची तयारी करताना सिद्धतेतली चूक त्यांना दिसली होती. दिवसभर डोकं फोडूनही ती सुधारता आली नव्हती.

शेवटी त्यांनी एमेशेला बाजूला घेतलं. ती त्यांची लाडकी विद्यार्थिनी, आता त्यांच्याच विभागात शिकवत होती.

"एमेशे, माझं प्रमेय चुकलंय गं. आयुष्यभराचं काम पाण्यात गेलं. आता सगळ्यांसमोर सांगूनच टाकतो."

"सातव्या ओळीत ना, सर?" ती खाली बघत म्हणाली.

केलेमेन बघतच राहिले. "तुला माहीत होतं? कधीपासून?"

"तुमच्या हाताखाली शिकत होते तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस, पोरी?"

"कशी बोलणार? माझी डॉक्टरेट त्याच्यावरच उभी आहे, सर. आणि आता माझ्या विद्यार्थ्यांचीही."

तेवढ्यात कुलगुरूंनी त्यांना हाक मारली. केलेमेन पुढे गेले आणि त्यांनी फक्त सर्वांचे आभार मानले.