तुळशीपुढचा फोन

"फोनवर आलेला नंबर देवानं मांगला तरी सांगू नको," आमचे हे नेहमी बजावायचे. ते गेल्यापासून आंधळगावचं कोशाच्या रेशमी साड्यांचं दुकान मीच सांभाळते. गिऱ्हाइकांचे पत्ते, विणकरांची मजुरी, सगळं एका फोनात.

सकाळी तुळशीला पाणी घालेपर्यंत मी बोलत नाही. त्या दिवशी तांब्या भरतानाच फोन वाजला. सवयीनं कानाला लावला.

"मावशी, बँकेतून बोलतोय. आत्ता आलेला नंबर सांगा, नाहीतर खातं बंद होईल."

मौन नसतं, तर घाबरून सांगूनच टाकला असता.

तेवढ्यात कोणीतरी बोललं.

"नाई सांगत, बाबू. विणकरायची मजुरी हाय त्याच्यात. तू जेवला का?"

आवाज माझाच होता. ओठ मात्र मिटलेले होते.

पलीकडचा तोरा उतरला. मग बारीक आवाजात आलं, "नाही."

"मंग हायेस तिथंच थांब, साकोलीच्या बसस्टँडवर. दुपारी डबा आणून देईन."

फोन बंद झाला. सून खुशबू हसत हसत अंगणात आली. "आई, भल्ली जिरवली तुमी त्याची! पण मौन मोडलं ना?"

मी नाही अशी मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं.

तिचं हसू जागीच थांबलं. "मंग बोललं कोण?"

का कोण जाणे, मला भरून आलं होतं, सणाच्या दिवशी येतं तसं. मी तुळशीला पाणी घातलं, डब्यात गरम भात-वरण भरलं, आणि साकोलीच्या गाडीसाठी निघाले.