जड नाकाचं विमान

जर्मनीला निघून गेलेल्या जुन्या दोस्ताच्या, राइनहोल्डच्या पत्राला झुमादिलने उत्तर दिलं नव्हतं, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. पत्र तसं चार ओळींचंच. ‘अरे झुमादिल, भाच्याबरोबर विमान पाठवतोय. माझ्या हातचं हे शेवटचं. मला आता उडवणं होत नाही, तू उडव. कसं उडालं ते कळव, पण खरं खरं कळव.’

खरं खरं कळव म्हटलं होतं, तिथंच घोडं अडलं होतं. रेडिओवर उडणारं ते छोटं विमान नाकाने जड होतं.

पहिल्याच उड्डाणात ते सारखं जमिनीकडे नाक खुपसत राहिलं. रेडिओची दांडी पोटाशी ओढून ओढून झुमादिलने ते कसंबसं माळावर उतरवलं. मग त्याने बॅटरी शेपटीकडे सरकवली, जागा होती तेवढी. फरक पडेना. आता शेपटीत शिसं भरायचं, एवढाच उपाय उरला होता. पण पूर्वी कारा-बाल्टाच्या, विमानं बनवणाऱ्यांच्या क्लबात राइनहोल्ड दुसऱ्यांच्या विमानांतल्या शिशाच्या गोळ्या उपटून खिडकीबाहेर फेकायचा. “वजन चढवून तोल कुणीही साधेल. चूक कुठं आहे ते शोधा की!” असं ओरडायचा. त्याच माणसाला कसं लिहायचं, की तुझ्या शेवटच्या विमानाला मी शिसं लावलं? हात थकले तुझे, असं म्हटल्यासारखंच झालं ते. आणि छान उडालं म्हणून खोटं लिहायचं, तर ते झुमादिलच्या पेनातून उतरत नव्हतं.

आज सकाळी त्याने मासेमारीच्या गळाची शिशाची गोळी टेबलावर काढून ठेवली. शेजारी डिंकाची नळी. लावून टाकायची, लिहून टाकायचं, काय वाटायचं ते वाटो त्याला. शेवटचं एकदा बघावं म्हणून त्याने टाकी रिकामी केली आणि पंखाखाली राइनहोल्डने तोलासाठी केलेल्या पेन्सिलीच्या दोन खुणांवर दोन बोटं टेकवून विमान उचललं. नाक झुकलं. नेहमीसारखंच.

“अहो, ते तुमचं लेकरू उचला बरं,” त्याची बायको बुरुल कणकेचा गोळा घेऊन आली. “मला शेवयांसाठी पोळी लाटायचीय.”

“एक मिनिट.”

“दोन वर्षं झाली तुमच्या एका मिनिटाला.” तिने एका हाताने शेपटी धरून विमान बाजूला घेतलं. नाक टेबलावर ठणकन आपटलं. बुरुलने वाकून पाहिलं. “हे पितळेचं काय बसवलंय पुढे? केवढं जड आहे!”

“टोपी आहे ती. पंख्याच्या नटावरची.”

“राइनहोल्डने लावलेली?”

“छे! मी कातली, लेथवर. क्लबातल्या एकूण एक विमानाला माझीच टोपी असायची.” झुमादिलचा आवाज जरा ताठ झाला. “त्या वेळची इंजिनं एवढीएवढीशी. पितळ नसेल तर नाक वरच उचलायचं.”

“आणि हे इंजिन?”

झुमादिल इंजिनाकडे बघत राहिला. जर्मनीचं, मुठीएवढं इंजिन.

“राइनहोल्डने मागितली होती का टोपी?” बुरुलने विचारलं.

पाना शोधायला त्याला बराच वेळ लागला, कारण तो समोरच होता. टोपी निघाली. खालचा साधा नट त्याने घट्ट केला आणि पुन्हा दोन बोटं खुणांवर टेकवली. विमान उचललं गेलं. नाक जरासं खाली आलं, थांबलं, आणि तसंच राहिलं. जेवढं खाली हवं, बरोबर तेवढंच.

“बुरुल,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “त्याच्या खुणा बरोबर आहेत गं. केसभरसुद्धा चुकला नाही तो.”

“मग रडताय कशाला? चला, उडवून तरी बघा. शेवया नंतर.”

साखरबिटाच्या शेतांपलीकडे माळावर वारा पडलेला होता. विमानाने थोडी धाव घेतली आणि ते उचललं गेलं. झुमादिलने दांडीवरचा अंगठा भीत भीत सैल केला, मग काढूनच घेतला. विमान आपलं आपण सरळ चाललं होतं. बर्फाच्या डोंगरासमोर त्याने एक मोठा, सावकाश फेरा घातला. उतरताना एक चाक वाकलं, ते कुणाचंही वाकलं असतं. परतीच्या वाटेवर झुमादिल बुरुलला क्लबातल्या गोष्टी सांगत सुटला, एरवी महिन्याभरात बोलत नाही तेवढं बोलला.

पोस्टात त्याने उभ्यानेच पत्र लिहिलं. ‘उडालं. हात सोडला तरी सरळ गेलं. दोन वर्षं नीट उडालं नाही, ती चूक तुझी नव्हती, माझी होती. नाकावर मी माझी टोपी चढवली होती. एक चाक वाकलंय, नीट करतो.’ पाकीट चिकटवून तो पेटीकडे निघाला.

“काय लिहिलंत?” बुरुलने विचारलं.

त्याने सगळं शब्दन् शब्द सांगितलं.

“आणि तो कसा आहे, ते विचारलंत?”

झुमादिल पेटीपाशी थांबला. दोन वर्षांत त्याने विमानाचा तोल निदान शंभरदा तपासला होता.

त्याने पाकीट फाडलं, खिडकीवरून दुसरं घेतलं. कागदावर आता खाली जागा नव्हती. मग समासात, आडवं, बारीक अक्षरात त्याने पाच-सहा ओळी लिहिल्या. या वेळी मात्र बुरुलला काय लिहिलं ते सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. पेटी रिकामी असावी. पाकीट तळाला टेकल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला.