अकरा वेळा ‘मंग’

“तेवीस भागिले चार किती?” शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं आणि तिसरीतली मयुरा उभी राहिली. उभी राहिली ती नुसतीच उभी राहिली.

शालिकराम गुरुजींनी डोळे मिटले. हे असंच व्हायला हवं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं.

शहराच्या महाल भागातल्या एका अरुंद गल्लीतली ही सरकारी शाळा. खर्चाला कात्री लागली तेव्हा आधी शिपाई गेला. मग दोन शिक्षक गेले, शेवटी मुख्याध्यापकही गेले. उरले एकटे गुरुजी. एकदा घंटा उशिरा झाली, तर मुख्याध्यापक म्हणून त्यांनी शिपायाला मेमो काढला, शिपाई म्हणून तो सही करून घेतला आणि शिक्षक म्हणून मध्ये पडून प्रकरण मिटवलं.

वर्ग चार, खोली एक. चार भिंतींवर चार फळे आणि मधोमध एक फिरती खुर्ची, गांधीबागेच्या बाजारातल्या कापडवाल्यानं टाकून दिलेली. गुरुजी तिच्यावर बसून दिवसभर गरगर फिरायचे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे त्या शाळेतल्या पोरांना कधी शिकवावंच लागलं नाही, असं गल्लीतले लोक आजही शपथेवर सांगतात. यंदा चौथीतली पाच पोरं शिष्यवृत्तीच्या यादीत होती.

पण खुर्ची किती फिरणार? पहिलीचा हात धरून गिरवून घ्यावं लागे. दुसरीचे पाढे असत. चौथीची परीक्षा असे. तिसरीकडे तोंड होईपर्यंत घरी जायची वेळ झालेली असे. तिसरीतली अकरा पोरं रोज थोडी थोडी मागे पडत होती आणि गुरुजींना ते दिसत होतं. रात्री झोपेतही त्यांना तीच भिंत दिसायची.

साहेबांच्या हातात एक फॉर्म होता. एखादा वर्ग कच्चा निघाला, तर शाळेला दुसरा शिक्षक मिळणार होता. गेल्या चार वर्षांत असा फॉर्म पहिल्यांदाच आला होता. खिचडी शिजवणाऱ्या प्रयागबाईनं म्हणूनच सकाळी बजावलं होतं, “गुरुजी, आज तोंडाले कुलूप लावा जी. पोरं अडली तं अडू द्या.”

“अवं बाई, मी काहून बोलीन? मलेच तं मास्तर पाहिजे.”

“तुमाले राहवत नाही जी. खिचडीत मीठ कमी पडलं तं मलेही तुमी ‘मंग?’ म्हणता.”

गुरुजींचं सगळं शिकवणं त्या एका शब्दात होतं. पोरगं अडलं की ते उत्तर सांगत नसत, रागावतही नसत. नुसतं ‘मंग?’ म्हणत. पोराला वाटायचं, आपण अगदी जवळ आलोय. आणि एवढ्या जवळ आल्यावर कोण थांबतं?

“चार पंचे वीस...” मयुरा म्हणाली आणि पुन्हा थांबली.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. ‘असमाधानकारक’ लिहिलेल्या चौकटीवर पेन आलं. गुरुजींनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि नजर छताला लावली. चौथीच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. मयुराचा खालचा ओठ थरथरायला लागला. ती साहेबांकडे पाहत नव्हती. ती गुरुजींकडे पाहत होती.

“मंग वं?”

कोण बोललं, ते क्षणभर गुरुजींनाही कळलं नाही.

“वीस झाले... तीन बाकी!” मयुरा ओरडली. “पाच वेळा भाग गेला, तीन बाकी!”

दाराशी उभ्या प्रयागबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

कुलूप तुटलं ते तुटलंच. साहेबांनी तिसरीतल्या उरलेल्या दहाही जणांना उभं केलं. दहाही अडले. मयुरा धरून अकरा वेळा गुरुजींनी दात आवळले आणि अकरा वेळा दातांच्या फटीतून ते निसटलं. पोरगा असला तर मंग गा? पोरगी असली तर मंग वं? शेवटच्या पोरानं तर साहेबांनी घातलेल्या उदाहरणातच चूक काढली.

साहेबांचा चेहरा फुलला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पेनला टोपण लावलं.

“सर, मी तुम्हाले शिक्षक द्यायलेच आलो होतो. पण कच्चा वर्ग आहे कुठं तुमच्याकडं? एकटा माणूस चार वर्ग असे चालवते! अहो, हा तं पॅटर्न झाला, पॅटर्न!”

“साहेब, खरं सांगतो,” गुरुजी खुर्चीतून उठून म्हणाले, “तिसरीले काहीच येत नाही.”

साहेब मोठ्यानं हसले. “हे तुमचं मोठेपण आहे, सर.” त्यांनी गुरुजींच्या पाठीवर थाप मारली, फॉर्मची घडी केली आणि खिशात घातली.

तीन आठवड्यांनी कार्यालयाचं पत्र आलं. गुरुजींनी ते फळ्यासमोर उभ्यानंच वाचलं. ‘शालिकराम पॅटर्न’ बेचाळीस शाळांमध्ये लागू झाला होता. त्या शाळांमध्ये आता एकेकच शिक्षक राहणार होता. एकट्यानं शाळा कशी चालवायची, हे त्या बेचाळीस जणांना शिकवण्यासाठी गुरुजींची वर्षभराकरता प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली होती.

“काय लिवलं जी?” प्रयागबाईनं हात पुसत विचारलं. “देऊन राहिले का मास्तर?”

गुरुजींनी शेवटची ओळ तिला वाचून दाखवली. “आपल्या जागी दुसरा शिक्षक उपलब्ध नसल्याने आपली शाळा सोमवारपासून बंद करण्यात येत आहे.”