सागवानी पट्ट्या

"कांदा ठेवायचाय म्हणता, आन् फटी बुजवायला पट्ट्या मागता?" सोनबा सुतारानं रंधा खाली ठेवला. "कुजवायचाय का कांदा, रावजी?"

बारामतीच्या लाकडाच्या वखारीत उभ्या उभ्या रावजीचे कान तापले. वडगावात त्याच्या परसात नवी खोली उभी राहिली होती. लाकडी सांगाडा आणि त्याला ठोकलेले सिमेंटचे सपाट पत्रे. असल्या भिंती गावानं पहिल्यांदाच पाहिल्या. आता पत्र्यापत्र्यामधल्या फटींवर आणि कोपऱ्यांवर पट्ट्या मारायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. एवढ्याशा कामाला आलेला गडी खोटं बोलायला गेला, आणि तेही त्याला धड जमलं नाही.

"कांदा न्हाय, तात्या," मागून त्याची बायको प्रयागबाई म्हणाली. "माणसं ऱ्हायची हायती तितं."

सोनबानं एकदा रावजीकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि तो पट्ट्यांच्या ढिगाकडं वळला. त्याला कळलंच असणार. रावजी इंदापूरकडची दुसरी बायको करतोय, ही बातमी भाजीच्या पाट्यांबरोबर बारामतीच्या बाजारात कधीच येऊन पडली होती. सरकारनं बंदी घातलेली, म्हणून लग्न देवळात, गुपचूप. पण गुपचूप कसलं आलंय डोंबलाचं!

इतकी वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. रावजी ज्याला त्याला सांगायचा, "माझ्या मनात न्हाय वो, आईचा हट्ट हाय." छबूबाईनं हट्टबिट्ट काही केला नव्हता. लेकानं विषय काढला तेव्हा म्हातारीनं आधी परसाकडं नजर टाकली. मग म्हणाली, "दोन बायका एका चुलीवर नांदायच्या न्हाईत. परसात येगळी खोली बांध. आन् पक्की बांध."

तेव्हा रावजीला हायसं वाटलं होतं. आई आपल्या बाजूची निघाली. राहिली प्रयागा. तिला कुठल्या तोंडानं म्हणायचं, की बाई, तू आता परसात जा? उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता सांगाडा उभा राहिला, पत्रे लागले, तरी जीभ उचलली नाही. आणि तिनंही कधी विचारलं नाही. समजली असंल, असं म्हणून तो गप्प बसला. पण ती समोर आली की त्याची मान आपोआप खाली जायची.

सोनबानं बाभळीच्या पट्ट्या काढून दिल्या. प्रयागबाईनं एक उचलली, डोळ्यासमोर आडवी धरून पाहिली आणि परत ठेवली.

"बाभूळ उन्हात वाकती. सागवानी दावा."

"अगं, बाभूळ बी चालंल की," रावजी पुटपुटला.

"कशी चालंल? पट्टी उचकटली की थंडीचं वारं आत शिरंल. आन् तात्या, चांगल्या चार बोटं रुंद द्या. कडा तेवढ्या घासून गोल करा. जाता-येता बाईमाणसाचा पदर अडकतो."

धरणीनं पोटात घ्यावं, असं रावजीला वाटलं. पदराचासुद्धा विचार करून ठेवलाय हिनं! घरातून उठवलेली बाई, रडली नाही, भांडली नाही, आणि वर आपल्याच हातानं लाकूड निवडतीय. त्यानं घासाघीस न करता सागवान घेतलं. ती म्हणाली असती तर चंदनसुद्धा घेतलं असतं.

परतताना बैलगाडीत त्यानं एकदा धीर केला. "प्रयागा, त्या खोलीचं म्हंजी… मला लई वंगाळ वाटतंय बघ."

"खोली झ्याक झालीय," ती म्हणाली. "तुमी जिवाला लावून घिऊ नगा."

रावजीनं उपरण्यानं डोळे पुसले. असली देवमाणूस बायको, आणि आपण काय करतोय! स्वतःची इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. लग्न मोडावं, असं मात्र काही त्याच्या मनात आलं नाही बरं का.

लग्न झालं. दिवेलागणीला तो नवी नवरी घेऊन दारात आला. प्रयागबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, दोघांच्या पायांवर पाणी घातलं आणि हातात कंदील घेतला.

"चला," म्हणाली आणि परसाकडं वळली.

खोलीत चूल मांडलेली होती. रावजीची पेटी, त्याचं घोंगडं, खुंटीला त्याचे सदरे. नवरीला जागा आवडली असावी. तिनं बोचकं खाली ठेवलं आणि इकडं-तिकडं बघू लागली.

"अगं, हे काय?" रावजीनं पेटीकडं बोट दाखवलं. "मी घरात… तू हितं… असं ठरलं हुतं न्हवं?"

"तसं तुमी कवा म्हणलाव?" तिनं कंदील त्याच्या हातात दिला. "भाकरी टोपलीत हायती."

आणि ती सरळ घरात गेली. रावजी धावत मागच्या दाराशी पोचेपर्यंत आतून कडी लागली होती.

"आई!" त्यानं दारावर थाप मारली. "आई, हिला सांग की काय तरी! दार उघड!"

आत भांडी वाजली, पाट सरकल्याचा आवाज आला. मग छबूबाई निवांत बोलली, "आमी मायलेकी जेवाय बसलोय, पाव्हणं. सकाळच्याला या."