खोलीत दुसरा माणूस

"मॅडम, पीछे जो भाईसाब हैं, उनको बाहर भेजिए," हेल्पलाइनवरचा मुलगा पुन्हा म्हणाला.

मयुरानं मागे वळून पाहिलं. खोलीत ती एकटीच होती. भिंतीवर नवऱ्याचा, ऋषीचा मोठा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला.

"भाईसाब नहीं हैं. फोटो है."

पडद्यावरचा मुलगा कॅमेऱ्याजवळ वाकला. बहुतेक त्याला आता हार दिसला असावा.

"सॉरी मॅडम. पर सिस्टम को चेहरा दिखता है. परीक्षा में दिखा, तो पेपर बंद हो जाएगा."

मयुरानं लॅपटॉप मिटला आणि कपाळ त्यावर टेकवलं. सराव परीक्षा आजही मध्येच बंद पडली होती. 'खोलीत दुसरी व्यक्ती आढळली.' यंत्राला चेहरा कळतो, हार कळत नाही. त्याला तरी काय बोलणार!

दिवसभर ती धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसायची. साऱ्या विदर्भातून आलेले पेशंट एकच प्रश्न विचारायचे, रिपोर्ट कधी मिळेल. आतल्या खोलीत रक्त तपासणाऱ्या मुली तिच्याहून लहान होत्या, पण त्यांच्याकडे डिग्री होती. मयुराचं बी.एस्सी. पहिल्या वर्षातच लग्नापायी सुटलं होतं. आता पहिल्या वर्षाचे विषय घरबसल्या ऑनलाइन करता येत होते. त्यांचे क्रेडिट कॉलेज जमा करून घेणार आणि थेट दुसऱ्या वर्षाला बसवणार. रसायनशास्त्र कसंबसं निघालं होतं. जीवशास्त्राचा पेपर रविवारी होता. तो बुडाला तर यंदाचा प्रवेश बुडाला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा एवढं बळ आपल्यात उरेल, असं तिला वाटत नव्हतं.

घर म्हणजे ही खोली आणि मागचं स्वयंपाकघर. तिथे नेट पोचत नव्हतं. इथे चेहऱ्यावर उजेड यावा म्हणून खिडकीकडे तोंड आणि त्या फोटोकडेच पाठ करून बसावं लागे.

"आई, पेपरापुरता फोटो उतरवू का?" तिनं सासूबाईंना विचारलं.

शामलाबाई वालाच्या शेंगा निवडत होत्या. "काहून? त्याचं काय अडून राहिलं तुह्या पेपरले?"

"कॉम्प्युटरले वाटते, मागं कोणी माणूस बसून आहे."

"बसून राहिला असता तर काय पाहिजे होतं!" शामलाबाई म्हणाल्या. मग हात थांबला. "नाही वं. तो भिंतीवर हाये तोवर मन घट्ट रायते माहं. उतरवला का जीव खालीवर होईन."

मयुराही शेंगा निवडायला बसली. ऋषी बुटीबोरीची नोकरी सोडून पुण्याला गेला होता. तिकडून तो फोन आला, त्या दिवशी शामलाबाई रडल्या नव्हत्या. पायात चपला सरकवून सीताबर्डीवर गेल्या, फोटो मोठा करून, काच लावून आणला आणि स्वतःच्या हातानं हार घातला. मयुरानं गळ्यातलं काढून डब्यात ठेवलं. कपाळाची टिकली मात्र शामलाबाईंनी निघू दिली नाही.

चुलतसासरे महादेवराव दर रविवारी येत आणि चहा पिताना त्याच सुरात म्हणत, "वहिनी, किती दिवस असं? उतरवा आता तो फोटो. पाहवत नाही."

"नका पाहू," शामलाबाई म्हणत.

त्या आठवड्यात मयुरा रोज पुस्तकावरच झोपली. एकदा जाग आली तेव्हा अंगावर पांघरूण होतं, आणि शामलाबाई भिंतीसमोर उभ्या राहून फोटोकडे रागानं बघत होत्या.

रविवारी सकाळी भिंतीवर नुसता खिळा होता. त्याच्याखाली रंग न उडालेला चौकोन.

"बस पेपरले," शामलाबाई म्हणाल्या. फोटो त्यांच्या काखेत होता. "मी दारात बसते. कोणाले आत येऊ देत नाही. तू मान वळवू नको."

पेपर सुरू झाला. पडद्यावर इशाऱ्याची लाल पट्टी आली नाही. मयुरा पेशी, पटल, रक्तगट करत पुढे सरकली. मध्येच फाटक वाजलं. शामलाबाईंचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. कूलरच्या घरघरीत एका पुरुषाचं दबकं बोलणं ऐकू येत राहिलं. महादेवराव असतील, तिला वाटलं. निदान आज तरी त्यांनी फोटोचं काढायला नको होतं. नजर हलवायची नव्हती. तिनं पुढचा प्रश्न वाचला, समजला नाही, पुन्हा वाचला.

शेवटी 'पेपर स्वीकारला' असं आलं. मयुराला रडू फुटलं. आनंदापेक्षा ते थकव्याचंच जास्त होतं. डोळे पुसून तिनं दार उघडलं.

शामलाबाई उंबऱ्यात खुर्ची आडवी टाकून बसल्या होत्या. फोटो मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"झाला, आई. काही अडलं नाही."

"सुटली वं माय!" त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला.

"काका आले होते ना? इतका वेळ काय बोलत होते?"

शामलाबाईंनी पदरानं काच पुसली, हार नीट केला आणि फोटो तिच्या हातात दिला.

"काका नाही. ऋषी हाये. पुण्याच्या त्या बाईसंग जमलं नाही म्हणते, बॅग घेऊन फाटकाबाहेर उभा हाये. म्या सांगतलं त्याले, घरात सुनेचा पेपर चालू हाये, दुसरा माणूस चालत नाही."