डिसप्रीफुलनेस

कापसानं लागोपाठ दगा दिलेली ती वर्षं. वावर, म्हणजे शेती, करणाऱ्या पोराला कोणी पोरगी द्यायला तयार नव्हतं, म्हणून पाहायला येणारा जो तो पोरगा "स्पर्धा परीक्षेची तयारी करून राह्यलो" असंच सांगायचा.

उकंडाची पोरगी प्रियंका मात्र खरंच तयारी करायची, चुलीपुढंही इंग्रजी शब्दांचे तुकडे पाडत बसायची. चहा दिला की येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारायची, "डिसप्रीफुलनेस म्हणजे काय जी?" कोणी सांगे निराशा, कोणी सांगे शिस्त. पाहुण्यांची पाठ फिरली की हिचा नकार ठरलेला.

उकंडाला संशय आला. पोरं फटाफट उत्तरं देतात तरी ही नाही म्हणते, म्हणजे हिचं बाहेर कुठंतरी जमलेलं दिसते.

रविवारी नेरचा धम्मदीप तिला पाहायला आला. शब्द ऐकून त्यानं डोकं खाजवलं. "मले नाही येत जी. खरं सांगू? तयारी-बियारी काही नाही, मी वावरच करतो." सोबत आलेल्या मामानं कपाळावर हात मारला.

पाहुणे फाटकाबाहेर पडले, तशी प्रियंका म्हणाली, "बाबा, याले हो सांगून द्या."

उकंडा भडकलाच. "ज्यायले येत होतं त्यायले नाही म्हटलं, अन् हा नापास चालते तुले? खरं सांग, आधीचीच वळख आहे न तुमची?"



"आजच पाह्यलं बाबा," कप उचलत ती म्हणाली. "तो शब्द मीच बनवला. डिस, प्री हे पुढचे तुकडे अन् फुल, नेस हे मागचे तुकडे जोडले, मधात काहीच नाही."