अर्धी फाइल

“अर्धंच लिहा,” विनीता मराठीत म्हणाली आणि लॅपटॉप मिटून उठली.

समोर मोरेश्वर बसला होता. अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या त्या ऑफिसात त्याला धरून पंधरा माणसं होती. घरच्या कॉम्प्युटरवर ग्रीटिंग कार्डं बनवायचं सॉफ्टवेअर ती तयार करत. महिन्यापूर्वी कोपनहेगनच्या एका कंपनीने त्यांना विकत घेतलं होतं. तीन वर्षांत तिने घेतलेली ही आठवी कंपनी. फोटोंचे अल्बम, मुलांचं टायपिंग, पाककृतींच्या वह्या, घरात चालेल असं जे दिसेल ते ती गिळत सुटली होती. खरेदी झाली की तिचं अमेरिकेतलं माणूस, म्हणजे ही पुण्याची विनीता, त्या ऑफिसात येऊन बसायची आणि ज्याला जे ठाऊक असेल ते त्याच्याकडून लिहून घ्यायची. या लिहून घेण्याला सगळे ‘केटी’ म्हणत, नॉलेज ट्रान्सफर.

ती पहिल्या दिवशी आली तेव्हा मोरेश्वर घरी जाऊन बायकोला म्हणाला होता, “बरं झालं, आपलं माणूस आलं.” त्याला धीर हवाच होता. ग्रीन कार्डाची फाइल पाच वर्षं अडकलेली. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की मुलीला, रुहीला, शाळेतून काढून नागपूर गाठायचं.

“अर्धं म्हणजे?” त्याने विचारलं.

“प्रिंटरचं सगळं तुमच्या डोक्यात आहे ना? ते राहू द्या तिथेच. सात ऑफिसं बंद होताना बघितली मी, मोरेश्वर. ज्याची फाइल आधी पूर्ण झाली, तो आधी गेला. आणि हे मी तुम्हाला बोलले नाही, ओके?”

प्रिंटरचं सगळं खरोखरच त्याच्या डोक्यात होतं. नऊ वर्षांत चारेकशे प्रिंटरांचे नखरे त्याला तोंडपाठ झाले होते. कुठला कागदाची कड खातो, कुठला लाल रंग जांभळा करतो. कोपनहेगनमध्ये यातलं ओ की ठो कुणाला कळत नव्हतं.

पण मोरेश्वर पडला सरळमार्गी, आणि सरळमार्गी माणसासारखा भित्रा माणूस शोधून सापडायचा नाही. दिवसभर त्याने स्वतःचं डोकं पिकवलं. ही आपली परीक्षा तर नसेल? उद्या अर्धी फाइल बघून वरच्यांनी चोर ठरवलं तर? ही ‘मी असं बोललेच नाही’ म्हणाली तर? पहिल्या नोकरीतल्या साहेबाने त्याला एक गोष्ट शिकवली होती. सूचना तोंडी आली की त्याच दिवशी मेल टाकून ती पक्की करून घ्यायची. बारा वर्षांत त्याने हा नेम मोडला नव्हता. त्या दिवशीही मोडला नाही. पाच वाजता त्याने विनीताला दोन ओळी लिहिल्या: आजच्या बोलण्यानुसार प्रिंटरचा भाग फाइलमधून वगळत आहे, कृपया कन्फर्म करावं. आणि सीसीमध्ये कोपनहेगनच्या साहेबाचं नाव घातलं. सवयीने, असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला.

उत्तर आलं नाही. सोमवारी विनीताही आली नाही; तिची नोकरी गेली होती. तिचाही व्हिसा त्याच नोकरीवर होता, हे त्याला फार उशिरा कळलं. अ‍ॅशबर्नमधलं आपलं घर दहा दिवसांत आवरून ती नवऱ्यासह पुण्याला परतली. मुलगी निधी दुसरीत होती. शाळेचं नाटक चार दिवसांवर आलेलं, आणि तिला त्यात काम होतं.

मोरेश्वरने फाइल पूर्ण केली. दोनशे दहा पानं भरली. जूनमध्ये शॉमबर्गचं ऑफिस बंद झालं आणि चौदा जण घरी गेले. पंधराव्याला कोपनहेगनहून फोन आला. तुमच्यासारख्या विश्वासू माणसाची आम्हाला गरज आहे, साहेब म्हणाले, एक जागा रिकामीच आहे. मोरेश्वरला लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. त्याने होकार दिला.

दोन वर्षं गेली. कंपनी तेराव्या खरेदीवर आली, मोरेश्वर रेडमंडला. मुलांना पियानो शिकवणारं सॉफ्टवेअर बनवणारं छोटंसं ऑफिस, बाहेर चार दिवस न थांबलेला पाऊस. समोर मुंबईची राधिका. नवरा तिच्या व्हिसावर घरी बसलेला, ग्रीन कार्डाची फाइल अडकलेली. बाकीचे आठ जण टंगळमंगळ करत होते. हिची फाइल पूर्ण होत आली होती.

“फक्त साउंडचा भाग राहिलाय, सर. तो माझ्याशिवाय कुणालाच येत नाही. संध्याकाळपर्यंत देते.”

गेल्या चार ऑफिसांत मोरेश्वरने ठरवलं होतं की या वेळी सांगायचं. चारही वेळा जमलं नव्हतं. आज तो उठला, दार लावून घेतलं आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“राधिका, तुम्हाला एक सांगायचंय.”

“बोला ना, सर.” तिने वही उघडली. वर तारीख घातली, खाली त्याचं नाव लिहिलं. “मी नोट करून घेते आणि संध्याकाळी मेल टाकते, कन्फर्म करायला.”

मोरेश्वरने ती तारीख वाचली. ‘अर्धंच लिहा’, एवढे दोनच शब्द सांगायचे होते. रुही आता सहावीत होती.

“सगळं लिहा,” तो म्हणाला. “काही राहू देऊ नका.”

राधिकाने तेही लिहून घेतलं. मग मान वर करून मोकळेपणाने हसली.

“खरं सांगू, सर? खूप टेन्शन होतं. बरं झालं, आपलं माणूस आलं.”